वीतभर ताणा

"ताई, स्क्रीन सगळी लाल झालीय," प्रिया फोनवर म्हणाली. "तुम्ही 'कट'चं काय काय करून ठेवलंय?"

मी गॅससमोर दुधाची राखण करत उभी होते. गॅस बंद केला, लॅपटॉप उघडला. खरंच लाल झाली होती. माझ्या मराठी वाक्यांवर ठिकठिकाणी लाल रेघा होत्या, शाळेत माझ्या वहीवर असायच्या तशाच.

मी भाषांतरकार आहे. कथा-कादंबऱ्यांची नव्हे. पाण्याच्या पंपाची माहितीपुस्तकं, बँकांचे अर्ज, मिक्सरच्या खोक्यात तळाशी असणारा आणि कोणीही न वाचणारा कागद, हे सगळं मी इंग्रजीतून मराठीत आणते. नाशिकच्या माझ्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल हेच माझं ऑफिस. प्रिया पुण्याच्या एका एजन्सीत प्रोजेक्ट मॅनेजर आहे. वयाने माझ्या मुलीएवढी, कामात माझी बॉस. मला ताई म्हणते आणि ताईलाच डेडलाइन देते.

या खेपेचं काम मात्र मी उडी मारून घेतलं होतं. हातमागावर पैठणी विणायला शिकणाऱ्या बायकांसाठी एक प्रशिक्षण पुस्तक निघणार होतं. मूळ मजकूर इंग्रजीत, एका डिझायनर टीमने लिहिलेला. मी येवल्याची, विणकराच्या घरची. पंपाच्या व्हॉल्व्हवर आयुष्य काढल्यावर कोणी 'माग' हा शब्द लिहायला सांगितला तर नाही कशी म्हणणार?

आता लाल रेघांचं. आम्ही ज्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो त्यात ग्लॉसरी नावाची एक यादी असते. एका इंग्रजी शब्दाला एक मराठी शब्द ठरवून कुलूप लावायचं. मग तो इंग्रजी शब्द जिथे जिथे येईल तिथे तोच मराठी शब्द हवा. नसला की लाल रेघ. पंपाच्या पुस्तकात हे ठीक असतं. व्हॉल्व्हला एका पानावर झडप आणि दुसऱ्या पानावर तोटी म्हटलं तर प्लंबर आपल्यालाच शिव्या घालेल. इथे एजन्सीने 'कट'ला 'कापणे' हा शब्द ठरवला होता. मी तो निम्म्या ठिकाणीही वापरला नव्हता.

"एकच शब्द ठेवा ना," प्रिया म्हणाली. "ट्रेनी कन्फ्यूज होतील."

"तू सकाळी काय खाल्लंस?"

"पोहे. का?"

"कांदा कापलास?"

"कांदा... चिरला."

"मेथी?"

"मेथी निवडतात. म्हणजे खुडतात."

"नखं?"

"काढतो."

"सुपारी कातरतो, ऊस तोडतो, गहू सोंगतो. इकडे आमच्याकडे द्राक्षांची छाटणी होते. तिला कोणी द्राक्षांची कापणी म्हटलं तर अख्खी पंचक्रोशी हसेल. आणि यात कोणी कन्फ्यूज होत नाही. उलट एकच शब्द सगळीकडे घातलास तर होतील."

प्रियाचं एक चांगलं आहे. पटलं की ताणत नाही. "इंग्रजीतही तसंच आहे म्हणा," ती म्हणाली. "ट्रिम, स्निप, चॉप, स्लाइस. आपल्या लेखकांनी आळशीपणा करून सगळीकडे कट लिहिलंय."

मग आम्ही फोनवरच एकेक वाक्य घेतलं. नक्षीचा कागद कापायचा, तो 'कापणे' राहिला. जरीची सुटी टोकं कातरायची. रंग बदलताना धागा तोडायचा नाही, दुसऱ्यात अडकवून घ्यायचा. विणून झालेली साडी मागावरून 'उतरवायची'. हा शब्द ऐकून प्रिया थबकली.

"उतरवायची? पण कात्रीनेच कापतात ना?"

"कात्रीनेच. पण साडी कापली असं आमच्यात कोणी म्हणत नाही. अशुभ वाटतं. नवरीच्या अंगावर जाणारी वस्तू असते ती."

तिने कुलूप काढलं. लाल रेघा एकेक करून गेल्या. एकच उरली, आणि तिथे मी काहीच लिहिलं नव्हतं. शेवटच्या प्रकरणातलं वाक्य होतं. साडी उतरवून झाल्यावर उरलेला ताणा कापून टाका आणि माग रिकामा करा, असा त्याचा अर्थ.

"हे का रिकामं ठेवलंय?" प्रियाने विचारलं.

"कारण असं करत नाहीत."

ताणा म्हणजे मागावर लांबीत ताणलेले उभे धागे. एकेक धागा आधी वहीतून ओवलेला असतो. ही वही लिहायची नव्हे. दोऱ्याच्या बारीक डोळ्यांची ती एक चौकट असते. मग तो धागा फणीच्या दातांमधून पुढे येतो. पैठणीत असे हजारो धागे. ताणा संपत आला आणि शेवटची साडी उतरवली, तरी फणीपाशी वीतभर ताणा तसाच राखायचा. नवा ताणा आला की त्याचं एकेक टोक या जुन्या टोकाला पीळ देऊन जोडायचं. याला सांधणी म्हणतात. जोडून झालं की जुने धागे ओढायचे, त्यांच्यामागोमाग नवे आपोआप डोळ्यांतून बाहेर येतात. म्हणून चालता माग कधी रिकामा होत नाही. आमचा माग वडिलांच्या आधीपासून चालत आला होता आणि एकदाही रिकामा झाला नव्हता.

प्रियाने लेखकांना क्वेरी पाठवली. क्वेरी म्हणजे मजकुरात शंका असली की विचारायचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मूळ मजकूर अप्रूव्ह झालेला आहे, अनुवाद करावा. सोमवारी फाइल हवी.

मी सरळ 'उरलेला ताणा कापून माग रिकामा करा' असं टाइप करू शकले असते. शब्द सोपे आहेत. दोनदा टाइप केलं आणि दोन्ही वेळा पुसलं. माझ्याच्याने ते वाक्य ठेववेना.

त्याचं कारण येवल्यात होतं. माझी मोठी बहीण, अक्का.

आमच्या घरात माग एक होता आणि त्यावर बसायला जागा दोघांची. वडील आणि अक्का. मी धाकटी. मला बसायला जागाच नव्हती म्हणून मला शाळेत घातलं. माझ्या शिक्षणाची हकिकत एवढीच आहे. लोक म्हणतात, नशीबवान, शिकलीस. असेन. पण शाळेतून आल्यावर मी उंबऱ्यावर बसून त्या दोघांच्या पाठी बघायची. दोघं बोलायची नाहीत फारशी. हात चालायचे. मला त्या दोघांच्या मध्ये बसायचं होतं. आज साठी उलटली, सून आली, तरी मला अजून तिथे बसायचं असतं. हे मी कोणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक हसतात. तुम्हीही हसा.

वडील गेले तशी अक्का एकटी विणत राहिली. तिचा मुलगा चाकणला कंपनीत आहे आणि तिथेच सुखी आहे. अलीकडे अक्काची बोटं धरायला लागली. सांधे सुजायचे, बारीक काम व्हायचं नाही. पाडव्याला तिने मला सांगितलं होतं, की मागावरची ही शेवटची साडी, नंतर बंद. पावसाळा गेला, दिवाळी गेली, साडी काही उतरत नव्हती. ज्या दुकानाची ऑर्डर होती तिथले शेठ आता मला फोन करायला लागले होते.

"मॅडम, तुमच्या बहिणीला जरा समजवा. पार्टीचं लग्न तोंडावर आलंय. मी विचारलं की म्हणतात, थोडंच राहिलंय. किती महिने थोडंच राहणार?"

शनिवारी सकाळी मी एसटीत बसले. लॅपटॉप बरोबर घेतला. विंचूरला कांद्याच्या ट्रॅक्टरांनी रस्ता अडवला होता. कंडक्टर खाली उतरून एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडला, मग दोघांनी मिळून चहा घेतला, मग गाडी निघाली. येवल्यात पोचेपर्यंत ऊन चढलं होतं.

अक्का दारातच बसली होती. बोटांना तेल चोळत होती.

"शेठनी धाडलं ना तुला?" आल्या आल्या तिने विचारलं.

"मी माझ्या कामाला आलेय."

"हां. तुझं काम अन् येवल्यात."

आत मागावर जुनी चादर टाकलेली होती. मी ती उचलली. आणि मला लगेच कळलं. वांगी रंगाची साडी होती. पदर पुरा झाला होता. मोर, वेली, सगळं. बोटांना जड जाणारं बारीक काम कधीच संपलं होतं. राहिलं होतं ते चार बोटं साधं विणकाम, नक्षी नसलेलं, एका सकाळीत उरकेल एवढं. दुखऱ्या बोटांनीही अक्काने ते डोळे मिटून केलं असतं. बोटांचं निमित्त होतं.

चादर घडी करून ठेवली. अक्काने चहा टाकला.

"लय हळू चाललंय, ठाऊक हाय मला," चहा गाळताना ती पाठमोरीच म्हणाली. "पण उतरवली की मग काय? सांधणीवाल्याला बोलवायचं तर ताणा पायजे. ताणा आणला तर विणणार कोण? म्हणून म्हटलं, राहू दे मागावर. तोवर मी विणकरीण हाय."

तिच्याजवळ लेकीसुना असत्या तर म्हणाल्या असत्या, आई, आराम कर आता. मला तेही म्हणवेना. मी आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं लिहिली. स्वतःचं एकही सुचेना.

"तुझं काम काय म्हणत होतीस?" तिने विचारलं.

मी लॅपटॉप उघडला. पुस्तकाबद्दल सांगितलं. शिकणाऱ्या बायका, हातमाग, पैठणी. तिला बरं वाटलं. मी मराठी वाचून दाखवत गेले आणि ती मान हलवत गेली. मध्येच म्हणायची, "हे बरोबर. हे बी बरोबर. हे कोणी सांगितलं, खुळ्याने?" एका ठिकाणी तिने माझा शब्द बदलला आणि मी निमूटपणे बदलून घेतला. वाचता वाचता मी त्या शेवटच्या वाक्यापाशी आले. वगळायचं ठरवलं होतं. पण ती स्क्रीनकडे बघत होती, आणि इंग्रजी येत नसलं तरी मराठीची जागा रिकामी आहे हे तिला दिसत होतं.

"इथं काय?"

मी सांगितलं. साडी उतरवल्यावर राहिलेला ताणा कापून टाका आणि माग रिकामा करा.

वाटलं होतं हसेल, किंवा चिडेल. शिकायला आलेल्या बायकांना कोणी असं सांगतं का, म्हणेल. तिने कपबशी खाली ठेवली.

"म्हणजे हे माझ्यासाठी लिवलंय," ती म्हणाली.

"अक्का, चुकलंय ते. मी त्यांना कळवलंय."

"चुकलं कसं? ज्याला पुढं विणायचं नाय त्याने असंच करायचं. बरोबर हाय की."

ती उठली, पदर खोचला आणि मागावर जाऊन बसली. तिच्या जागेवर. मग शेजारच्या जागेवर हात थोपटला.

"बस इथं. धोटा झेल."

मी वडिलांच्या जागेवर बसले. त्या क्षणी मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. अक्काने मात्र न बघितल्यासारखं केलं. तिने धोटा घेतला. धोटा म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणारी होडी. तिचे सांधे कुरकुरत होते, हात मात्र थांबले नाहीत. फणी आपटायची, धोटा जायचा, फणी आपटायची. माझं काम एवढंच, माझ्या बाजूला आलेला धोटा झेलून परत तिच्याकडे सरकवायचा. एकदा चुकले तर म्हणाली, "शाळेत हेच शिकवलं का गं?" लहानपणी जे हवं होतं ते मला त्या दिवशी मिळालं, साडीच्या शेवटच्या चार बोटांपुरतं. ते संपूच नये असं वाटत होतं. संपलं.

अक्काने कात्री घेतली. कपाळाला लावली. साडी उतरवली. मी दोन्ही हातांवर झेलली, जड होती. आम्ही ती जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळून खाटेवर ठेवली.

मागावर आता फणीपुढे वीतभर धागे लोंबत होते. अक्काने कात्री माझ्याकडे केली.

"आता हे. तुझ्या पुस्तकात हाय तसं."

"मी नाही करणार."

"मग काय करायचं? हे धागे धूळ खात पडायचे का?"

"मला माहीत नाही."

"तू शिकलेली ना? सांग मग."

"अक्का, मला नाही माहीत," मी म्हणाले. "पण मी नाही कापणार. तुला कापायचं तर काप. मी बघणार पण नाही."

तिने कात्री उघडली. धाग्यांचा एक झुपका मुठीत धरला. बाहेर कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती, किक मारल्याचे आवाज येत होते. मग तिने कात्री मिटून मांडीवर ठेवली, आणि त्या झुपक्याची गाठ मारली. दुसरा झुपका घेतला, त्याची गाठ मारली. सांधणीच्या आधी टोकं सुटून मागे जाऊ नयेत म्हणून मारतात तशा गाठी. मीही माझ्या बाजूने मारायला लागले. माझ्या दोन गाठी तिने सोडून परत मारल्या.

"ताणा आणायचा का?" मी विचारलं. "मी येत जाईन. शनिवार-रविवार."

"तू? या वयात?"

"मग काय झालं?"

"बघू," अक्का म्हणाली.

साडी मी नाशिकला जाता जाता शेठच्या दुकानात दिली. शेठनी ती उलगडली, पदर डोळ्यांजवळ नेला आणि फक्त "वा" म्हणाले. पुढची ऑर्डर देऊ का, असं विचारायला त्यांनी तोंड उघडलं होतं. माझ्याकडे बघून मिटलं.

रविवारी रात्री झोपायच्या आधी मी ती रिकामी जागा भरली. वाक्याचा अनुवाद केलाच नाही, दुसरं वाक्य लिहिलं. सोमवारी प्रियाचा फोन आलाच.

"ताई, हे मूळ इंग्रजीत नाहीये."

"नाहीये. मूळ चुकलंय. लेखकांना विचार, त्यांनी चालता माग बघितलाय का?"

प्रियाने खरंच विचारलं, आणि लेखी नव्हे, फोनवर. दुपारी तिने मला परत फोन केला तेव्हा तिच्या आवाजात हसू होतं. त्या टीमने फोटो काढले होते ते एका प्रदर्शनातल्या मागाचे. प्रदर्शन संपल्यावर तो माग खोलून टेम्पोत घालायचा होता, म्हणून तिथल्या माणसाने ताणा कापून तो मोकळा केला. यांनी तेही टिपून घेतलं आणि विणण्याची शेवटची पायरी म्हणून छापलं. लग्नाचं शूटिंग करायला गेलेल्या माणसाने मांडववाल्याने मांडव सोडल्याचंही शूट करावं, आणि तोही एक विधी समजावा, तसं.

"ती पायरी दोन्ही भाषांतून काढतोय," प्रिया म्हणाली. "तुमचं वाक्य घेतोय. परत एकदा वाचून दाखवा."

मी वाचलं. "साडी उतरवल्यावर फणीपुढे वीतभर ताणा राखा. टोकांच्या गाठी मारून ठेवा आणि नव्या ताण्याची वाट बघा."

"वाट बघा हे हवंय का? इन्स्ट्रक्शनमध्ये वाट बघा असं कोणी लिहीत नाही. आणि त्या चौकटीत एक ओळ जास्त होतेय."

"ठीक आहे. काढ."

तिने काढलं. पुस्तक छापून आलं, सुबक आहे. माझं नाव आतल्या पानावर अगदी बारीक अक्षरात आहे, चष्मा लावला की दिसतं.

या धंद्यात नव्याने येणाऱ्यांना मी आता एक सल्ला देते. घरच्या कामावरचं पुस्तक भाषांतराला घेऊ नका. शब्द सगळे येतात, तीच अडचण होते.

येवल्याला मी जाते अधूनमधून. मागावर चादर नाही आता. गाठी मारलेली टोकं उघडी असतात. अक्का रोज सकाळी फडक्याने माग पुसते, टोकांना धक्का न लावता. मी दर वेळी ताण्याचं विचारते, ती दर वेळी बघू म्हणते. छापलेल्या पुस्तकात वाट बघायला सांगितलेलं नाही, आणि आम्ही दोघी मात्र तेच करतो आहोत.